मागची सीट

आत्ताच निघू नका. ऊन जरा उतरू द्या, माठातलं पाणी प्या, मग जा. लोक रात्रीला भितात. मला रात्रीचं काही वाटत नाही, उठून दिवा लावला की झालं. पण भर दुपारी, लख्ख उजेडात काही दिसलं, तर माणसाने काय लावायचं?

मागच्या वैशाखातली गोष्ट. काम साधंच होतं. माझ्या नातवाने, भाग्येशने, नवी मोटरसायकल घेतली होती आणि तिची पूजा करायला जायचं होतं.

गाडीची पूजा सगळेच करतात. हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आमच्या घरात त्याच्यावर एक रीत जास्तीची होती. नवी गाडी म्हसावदच्या पुढे, रस्ता डोंगराला लागतो तिथल्या नाळेत, म्हणजे खिंडीत, न्यायची. तिथे कडेला उतारावर एक अंजनाचं झाड आहे आणि त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड. घरच्या पुरुषाने एकट्याने खाली जायचं. तोवर वर रस्त्यावर गाडी चालूच ठेवायची, आणि मागच्या सीटवर घरची बाई बसवून ठेवायची. तोंडावर पदर, पाठ दगडाकडे. उतरायचं नाही, वळून बघायचं नाही.

"नवी गाडी खाली ठेवू नये," हे सांगायचे. खाली म्हणजे रिकामी.

हे म्हणजे माझे मालक, छगन पाटील. घराण्याची रीत आहे म्हणायचे. सासूने मला कधी सांगितली नव्हती. पण पुरुषांच्या रीती सासूला कशाला माहीत असतील, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

आमचं गाव सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठी. लग्न होऊन आले तेव्हा गावात मोटरसायकल म्हणजे अप्रूप. ह्यांनी पहिली आणली ती राजदूत. धूर इतका काढायची, की गल्लीतल्या बाया म्हणायच्या, निर्मला, तुझा नवरा गाडीवर येतो का चूल घेऊन येतो? मी मागे एका अंगाने बसायची, एक हात ह्यांच्या खांद्यावर. मग येझदी आली. तिच्या ज्या दांडीने किक मारायची तीच खाली पाडली की गिअर. मग बुलेट. ती चालू करताना आधी काटा मधोमध आणायचा, मग सगळा जीव पायात. ती गल्लीत शिरली की बांधलेली गुरं माना वर करायची. शेवटी हिरो होंडा, एका मास्तरांकडून जुनी घेतलेली. जुनी होती म्हणून तिला नाळेत नेली नाही.

सगळ्या गाड्यांवर मागे मीच. माणसाचं तोंड पाहून बायका संसार करतात, मी ह्यांची पाठ पाहून केला. खांदा जरा आवळला की खड्डा येणार, मान डावीकडे झुकली की ब्रेक लागणार. डोळे मिटून सांगितलं असतं.

आणि पडले कधी नाहीत. बाजूबाजूच्या गावात कितीजण गेले, कितीजण लंगडे झाले. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. शहाद्याचे सलाउद्दीन मिस्त्री सगळ्या गाड्यांचं काम करायचे. इंजिन खोलता खोलता म्हणायचे, "छगनभाऊ, तुम पर किसी का हाथ है." हे हसायचे नाहीत. मला मात्र छाती फुगल्यासारखं व्हायचं.

आता एक गोष्ट सांगते, ती मी पूर्वी कौतुकाने सांगत असे. मला दिवस गेले की हे नवी गाडी आणायचे. राजदूत आली तेव्हा मी पहिलटकरीण. येझदी आली तेव्हा पोटात होतं. बुलेट आली तेव्हाही. गावातल्या बाया जळायच्या. कोणाचा नवरा बायकोच्या ओटीला मोटरसायकल आणतो?

त्या तिन्ही वेळी मूल रडलं नाही. पुऱ्या महिन्यांचं, नाकाडोळ्याने नीट, केस काळेभोर. फक्त रडलं नाही. सुईण पाठीवर थापट्या मारून दमायची. मग हे यायचे, कापडात गुंडाळलेलं ते घ्यायचे आणि गाडीवरून एकटेच जायचे. असलं मूल जाळत नाहीत, पुरतात. आणि कुठे पुरलं ते आईला सांगत नाहीत. सांगितलं तर ती तिथे जाऊन बसते आणि मग कूस धरत नाही, असं आमच्यात मानतात. मी कधी विचारलं नाही.

जगला तो एक भरत. तो दुष्काळाच्या साली झाला. घरात खायला नव्हतं, गाडी कुठून येणार?

एवढं माझ्या डोळ्यांसमोर होतं बघा. सगळंच्या सगळं. आणि मी त्याची माळ ओवली नाही.

तर त्या वैशाखाआधीच्या मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून येताना हे पडले. लग्नापासून पहिल्यांदा. रस्ता कोरडा, समोर कोणी नाही. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पारावर हिलालभाऊ म्हणाले, "काय रे छगन, घोडा लिधा का काय? पाडं म्हने तुले!" सगळे हसले. हे घरी येऊन खाटेवर बसले आणि कोपराकडे न बघता दारातल्या गाडीच्या मागच्या सीटकडे बघत राहिले.

त्यानंतर भाग्येशच्या मागे लागले, नवी गाडी घे. तो शहाद्याला पतपेढीत आहे. म्हणाला, "आबा, जुनी चांगली शे ना."

"नवी लेवानी. मी देस पैसा."

आणि रात्री मला हळूच विचारलं, "भरतनी माय, काजलले काही शे का?"

हे मला भरतनी माय म्हणायचे. नावाने कधी हाक नाही. काजल भाग्येशची बायको, नवापूरकडची पोर, चौथा लागला होता तिला. मला वाटलं, म्हातारा पणतूच्या आशेने विचारतोय. मी हो म्हटलं. खूश होऊन म्हटलं.

भरत आणि सूनबाई लग्नाला चिंचपाड्याला गेले तो दिवस ह्यांनी पूजेला धरला. नव्या गाडीवर भाग्येश आणि काजल, जुन्या हिरो होंडावर आम्ही दोघं. काजल निघताना म्हणाली, "आजी, हेल्मेट घालून वर पदर कसा घ्यायचा हो? देवीला ओळखू येईल का मी?"

"येईल गं," मी म्हटलं, "तुझ्या बडबडीवरून येईल."

म्हसावद मागे पडलं, केळीचे मळे संपले, जमीन तांबडी होऊन वर चढायला लागली. नाळेत पोचलो तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर होता. सावली पायाखाली गेलेली. अंजनाची पानं मान टाकून लोंबत होती. पाखरू नाही, वारा नाही. दरडीतून तापलेल्या दगडाचा वास येत होता, तव्यावर काही न टाकता तो चुलीवर विसरला की येतो तसला. नव्या गाडीचं इंजिन तेवढं चालू.

ह्यांनी काजलला मागे बसवलं. स्वतःच्या हाताने तिच्या तोंडावर ओढणी ओढली. भाग्येशला पुढून उतरवून लांब दरडीच्या कडेला उभं केलं. "उतरू नको, पोर. मांगे देखू नको," म्हणाले, आणि नारळ घेऊन खाली गेले.

मला कोणी काही सांगितलं नाही. म्हातारीला काय सांगायचं? आणि आगपेटी माझ्या पिशवीत राहिली होती. उदबत्ती कशाने लावतील, म्हणून मी खाली उतरले.

मी तो दगड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. इतक्या वेळा तिथे येऊन माझी नुसती पाठच होती त्याच्याकडे. मोठा, काळा, शेंदराचे थरावर थर. आणि त्याच्या पायाशी तीन लहान गोटे, ओळीने. गुळगुळीत, पाण्याने घासलेले. त्या डोंगरात तसला गोटा सापडत नाही. ते तापीचे होते. आमच्या घाटावरचे, मी ज्यांच्यावर धुणं आपटलं तसले. त्यांचा शेंदूर जुना होऊन रक्त वाळल्यासारखा झाला होता.

ह्यांनी खिशातून आणखी एक गोटा काढला आणि तिसऱ्याच्या शेजारी ठेवला. त्याला शेंदूर नव्हता अजून.

"हाई काय शे?" मी म्हटलं.

ह्यांनी वळून पाहिलं नाही. पाठ आवळली. मला ती पाठ वाचता येत होती हो...

"तू आठे काबर उनी?" इथे कशाला आलीस, म्हणून उलट मलाच विचारलं.

"मन्हा पोरं शेतस का ह्या?"

ह्यांनी हातातला नारळ खाली ठेवला. मग दगडाकडेच तोंड करून सांगायला लागले, हळू, जसं त्यालाच सांगत होते. लग्नाच्या आधीची गोष्ट. मोठे भाऊ चुनीलाल आणि हे कोणाची तरी जावा मोटरसायकल मागून घेऊन इथून चालले होते. हे चालवत होते, चुनीलालभाऊ मागे. वेळ हीच. गाडी घसरली. भाऊ जागच्या जागी गेले. हे खाली दबून पडले, छातीवर इंजिन, हलता येईना. "तव्हय उन्हामा कोनी तरी मन्हाजोडे येईसन बठनं," म्हणाले. "तोंड नही दिसनं. मी हात जोडात. म्हटलं, मांगली जागा तुन्ही. जे मांगे बठी ते तुन्हं. पुढलीले हात लावू नको..."

"अन् मांगे माले बठाडं," मी म्हटलं. दर वेळी पोटातल्या लेकरासकट.

"तव्हय तुन्ही वळख बी नव्हती माले."

"मंग?" मी म्हटलं. "वळख व्हयनी तव्हय?"

ह्यांनी चौथा गोटा बोटाने ओळीत सरकवला. मी इतकी वर्षं त्या खांद्यावर हात ठेवून बसले, आणि तो खांदा मला प्रत्येक वेळी मोजूनमापून इथे आणत होता. माझ्याशी त्याचं वैर नव्हतं. मी त्याच्या मागची जागा होते, एवढंच.

वरून काजलचा आवाज आला. "आजी... मागे कोण बसलं? सीट दबली..."

मी कशी चढले ते माझं मला ठाऊक नाही. वर पाहिलं तर भाग्येश तिकडे दरडीखाली उभा, आणि काजल एकटी गाडीवर. पोर काडीसारखी, पण गाडीचं मागचं चाक दोन पोती टाकावीत तसं दबलेलं. मी तिच्या दंडाला धरून ओढली.

"उतर."

"आबा म्हणाले..."

"उतर म्हणते ना! भाग्या, हिला चक्कर येतेय. जुनी गाडी घे, हिला म्हसावदला नेऊन बसव. मागे बघायचं नाही दोघांनी. जा."

पोरगा घाबरला पण ऐकलं त्याने. काजल जुन्या गाडीवर बसली आणि ते वळणाआड गेले. नवी गाडी तशीच उभी, इंजिन चालू, सीट रिकामी. रिकामी सीट अजून दबलेलीच.

हे धापा टाकत वर आले. "खाली ठेवू नको तिले! आते मांगाले जाई ते तेस्ना मांगे..."

म्हणजे रिकामी ठेवली तर ते त्या दोघांच्या मागे जाणार. मी साडी सावरली आणि गाडीवर चढून बसले. जशी नेहमी बसायची, एका अंगाने.

तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जे बोलले ते मी मेल्यावरही विसरणार नाही.

"तू नको. तुन्हाकडे आते काय उरनं शे?"

मी पदर तोंडावर घेतला. पदराच्या आत ऊन पिवळं होऊन आलं.

मग माझ्या मागे वजन सरकलं. हळूच. पहिल्यांदा एक, मग त्याच्या मागे आणखी... सीट संपली तिथेही कोणी तरी दाटीवाटीने बसलं. माझ्या कमरेला काही लागलं, लहानसं, गरम नाही न् गार नाही. आणि वास आला. मला वाटलं होतं सडक्याचा येईल, जळक्याचा येईल. ओव्याच्या धुरीचा वास होता तो. शेपा, ओवा, तेल, ओलं फडकं आणि दूध. बाळंतिणीच्या खोलीचा. माझ्या खोलीचा... तीन वेळा जी मी रिकाम्या हाताने झाडून काढली...

माझी भीती तिथे गेली. त्याच्या जागी काय आलं ते सांगता येत नाही. मी पदराआडूनच म्हटलं, "आठे मांगे काबर दाटी करी ऱ्हायनात रे? मांगली जागा मन्ही शे. पुढे जा. पुढली खाली शे."

"भरतनी माय..." हे म्हणाले. "पुढली नही... पुढली नही म्हनेल व्हतं..."

"तुम्ही म्हनेल व्हतं. मी नही."

मागचं वजन कमी झालं. थोडंसंच. एकाचंच असावं.

ह्यांचा आवाज थांबला. बोलता बोलता नव्हे, बोलायच्या आधीच, श्वास घेतलेला तसाच राहिला. मग पावलं वाजली. म्हाताऱ्याची पावलं मला ठाऊक होती, उजवा पाय ओढायचे. ही तशी नव्हती. एक पाऊल पडे, मग थांबे, मग दुसरं. जसं कोणी भुईवर पहिल्यांदाच पाय ठेवतंय. गाडी हलली. पुढे कोणी बसलं. मी सवयीने हात पुढे केला, खांद्यावर ठेवला. शर्ट तोच, घामाने भिजलेला. आतला खांदा अनोळखी होता.

गिअर खाडकन पडला, चुकीचा. गाडी गचका देऊन बंद पडली. पुन्हा चालू झाली. पन्नास-पंचावन्न वर्षं गाडी चालवलेला माणूस, आणि क्लच कुठला, ब्रेक कुठला, चाचपडत होता. शेवटी गाडी निघाली, आणि पुढून तोच घोगरा म्हातारा आवाज आला, पण लाडाने भरलेला.

"माय, धरी बठ."

तुम्हाला वाटेल मी ओरडले. मी धरून बसले. आई काय करते?

घरी आलो. काजलला काही झालं नाही. कार्तिकात ती मोकळी झाली, मुलगी. इतकी रडली की दवाखान्यातल्या बाया हसायला लागल्या. मी दाराबाहेर भुईवर बसून तो आवाज ऐकला आणि पोटभर रडून घेतलं. आता ती रांगते.

ह्यांना सगळे म्हातारचळ लागला म्हणतात. डॉक्टरही तेच म्हणाले. नावं ओळखत नाहीत, चहा नको, दूध मागतात. उजवा पाय ओढत नाहीत. माझ्या मांडीवर डोकं ठेवल्याशिवाय झोप नाही. सूनबाई लाजते. म्हणते, आत्या, लोक काय म्हणतील. मी त्या पांढऱ्या केसांतून हात फिरवते. माझा नवरा कुठे आहे ते मी कोणाला विचारत नाही. त्याने मला सांगितलं होतं का कधी, माझी लेकरं कुठे आहेत ते?

पण बाई, एक आहे, ते मनातून जात नाही. रोज दुपारी, सूर्य डोक्यावर आला की तो उठून बसतो आणि विचारतो, "माय, त्या दोन्ही तठेच बठेल शेतस. उन्हामा. कव्हय लेवाले जाऊत?" त्यांना आणायला कधी जायचं, हेच रोज. मी काही तरी बोलून टाळते. उद्या जाऊ, पाऊस पडला की जाऊ.

काल मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अरे, त्यास्ले आनीसन कोठे बठाडशी? जागा कोठे शे?"

समोर ओट्याखाली भरत आणि भाग्येश नवी गाडी पुसत होते. बापलेक, एकाच फडक्यासाठी भांडत. तो त्यांच्याकडे बघत राहिला, एकाकडे, मग दुसऱ्याकडे, बाजारात कापड बघतात तसा. मग माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि हसला.

"शे ना, माय," म्हणाला.